लाईट जाऊन आली की जेलीफिनची लायब्ररी रिकामी का होते

लाईट जाते, तासाभराने येते, कंप्यूटर पुन्हा सुरू होतो. टीव्हीवर जेलीफिन (घरच्या कंप्यूटरवरचे व्हिडिओ आणि गाणी टीव्हीवर दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) उघडावं तर ‘मैफली’, ‘नाटकं’, ‘घरचे व्हिडिओ’ हे खाने जागच्या जागी असतात, आत मात्र काही नसतं. किंवा पोस्टरं दिसतात आणि चालवायला गेलं की एरर येते. मग घरातलं कोणीतरी ‘स्कॅन’ दाबतं, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स नव्याने शोधून यादी बनवायला सांगतं, डिस्क बराच वेळ घरघरते आणि सगळं परत येतं. फक्त कोण कुठवर पाहत आलं होतं त्या खुणा पुसलेल्या असतात आणि हाताने लावलेली चित्रं गेलेली असतात. पंधरा दिवसांनी पुन्हा लाईट जाते, पुन्हा हेच.

यात जेलीफिनचा दोष सहसा नसतो. ते दिलेल्या पत्त्यावर (डिस्कचं अक्षर आणि फोल्डर) जातं, तिथे डिस्क सापडत नाही, म्हणून फाइल्स कोणी काढून टाकल्या असं समजून यादी साफ करतं. मूळ फोल्डरच हाती लागत नसेल तर ते वगळून पुढे जाण्याची सोय नव्या आवृत्त्यांत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. दुरुस्ती करायची ती डिस्कच्या पत्त्याची आणि तिला मिळणाऱ्या विजेची. स्कॅन ही दुरुस्ती नव्हे. डिस्क जागेवर नसताना झालेलं स्कॅन हेच तर नुकसान करतं.

पुढचं सगळं एका ठरावीक मांडणीला धरून आहे: ग्वाल्हेरातलं घर, विंडोज १० किंवा ११ असलेला डेस्कटॉप अथवा जुना लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेली २ ते ४ टीबीची डिस्क, घरात इन्व्हर्टर, आणि डिस्कवर कॅसेट व व्हीएचएसवरून उतरवलेल्या मैफली, गणेशोत्सवातले कार्यक्रम, लग्नंमुंजी. लिनक्सवाल्यांसाठी पुढे वेगळा मजकूर आहे.

आधी काही दाबू नका

लायब्ररी रिकामी दिसली की हात आपोआप ‘स्कॅन ऑल लायब्ररीज’कडे जातो. तो आवरा. लायब्ररी काढून नव्याने बनवण्याचा विचारही आत्ता नको. पहिलं काम आपोआप होणारं स्कॅन थांबवण्याचं: ‘डॅशबोर्ड’मध्ये ‘शेड्यूल्ड टास्क्स’ उघडा, ‘स्कॅन मीडिया लायब्ररी’वर जा आणि तिथला ट्रिगर (स्कॅन कधी सुरू व्हावं ते सांगणारी वेळ) काढून टाका. मुळात तो दर १२ तासांचा असतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कंप्यूटर रात्रभर बंद होता आणि १२ तास उलटून गेले, तर सर्व्हर (कंप्यूटरवर चालणारं जेलीफिन) सुरू झाल्यावर मिनिटभरातच स्कॅन सुरू होतं. जुनी यूएसबी डिस्क त्या वेळी अजून फिरू लागलेली नसते. सकाळी लायब्ररी रिकामी सापडण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

ट्रिगर काढला की नेमकं काय बिघडलंय ते पाहा. दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. टीव्ही ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणत असेल तर लायब्ररीला काहीही झालेलं नाही, रस्ता चुकला आहे. लाईट गेल्यावर राउटरही बंद पडून सुरू होतो आणि कंप्यूटरला कधीकधी नवा आयपी पत्ता देतो. टीव्हीतल्या अ‍ॅपमध्ये जुनाच पत्ता साठवलेला असतो. त्याच कंप्यूटरवर ब्राउझर उघडून ‘लोकलहोस्ट’ पोर्ट ८०९६ वर (localhost:8096) जा. तिथे सगळं दिसत असेल तर राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते वाटणाऱ्या) भागात जाऊन कंप्यूटरचा पत्ता राखून ठेवा आणि टीव्हीत तो पत्ता एकदा भरा. तरीही टीव्ही पोचत नसेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’ झालंय का पाहा. ते ‘प्रायव्हेट’ करा. राउटर बदलला की ते हमखास ‘पब्लिक’ होतं आणि फायरवॉल दार लावून घेतं.

‘लोकलहोस्ट’वरही खाने रिकामेच असतील तर मात्र डिस्ककडे या.

डिस्क कधी आणि का गेली

‘धिस पीसी’ उघडा. डिस्क दिसते का? दिसत असेल तर तिच्यापुढचं अक्षर काय आहे? लायब्ररी बनवली तेव्हा ती ‘ई’ होती आणि आता ‘एफ’ असेल, तर निदान झालं. मधल्या काळात कोणीतरी पेनड्राइव्ह लावला, त्याने ‘ई’ अक्षर घेतलं, आणि लाईट आल्यावर आपली डिस्क पुढच्या रिकाम्या अक्षरावर बसली. जेलीफिन अजून ‘ई’वरच मैफली शोधतंय.

अक्षर तेच असेल तर डिस्क मधेच गायब झाली होती का ते तपासा. विंडोजचं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्स’मध्ये ‘सिस्टम’ निवडा आणि दोन क्रमांक शोधा. ४१ क्रमांकाची ‘कर्नल पॉवर’ची नोंद म्हणजे कंप्यूटर नीट बंद न होता वीज तुटल्याने पडला. १५७ क्रमांकाची ‘डिस्क’ची नोंद म्हणजे कंप्यूटर चालू होता आणि डिस्क अचानक निघून गेली. लाईट गेल्याची वेळ आणि या नोंदीची वेळ जुळवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणत्या बाजूने दुरुस्ती करायची ते यावरून ठरतं.

१५७ ची नोंद लॅपटॉपवाल्यांकडे जास्त सापडते, आणि कारण साधं आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, तो डोळाही मिटत नाही. पण साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालते. तो अडॅप्टर इन्व्हर्टर नसलेल्या प्लगमध्ये असेल तर डिस्क गेलीच. इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये असली तरी, इन्व्हर्टर ‘इको’ मोडवर असेल तर मेनवरून बॅटरीवर येताना जो झटका बसतो तो पंख्याला कळत नाही, डिस्कला कळतो. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं. ते ‘यूपीएस’वर करा. त्याने भागलं नाही तर डिस्कचा अडॅप्टर, राउटर आणि कंप्यूटर तिन्ही मिळून एका छोट्या यूपीएसवर घ्या. फक्त कंप्यूटर यूपीएसवर आणि डिस्क भिंतीवर, ही मांडणी सगळ्यात वाईट, कारण अशा वेळी सर्व्हर जागा राहतो आणि रिकामं घर पाहून यादी पुसतो.

अडीच इंची डिस्कचं दुखणं वेगळं. तिला वीज यूएसबीतूनच मिळते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या पोर्टांना आतून लांब वायर असते, तिथे डिस्क लावली की चालू होताना टकटक आवाज करते आणि परत निघून जाते. मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको आणि मधे वीज नसलेला हब तर नकोच.

आता ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याबद्दल. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि माळ्यावरच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत रात्रीही भिंत तापलेली असते. बाहेर ठेवायच्या कितीतरी डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कचं तापमान दाखवतं. ते ५५ च्या वर जाऊ लागलं तर डिस्क टीव्हीच्या कपाटातून काढा, आडवी, मोकळ्या हवेत, पंख्याखाली ठेवा. त्याच खिडकीत तीन ओळी वाचायला शिका. ‘रिअलोकेटेड सेक्टर्स काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ यांचे कच्चे आकडे शून्यावरून वर सरकत असतील तर डिस्क मरायला टेकली आहे, लायब्ररी सोडा आणि आधी मैफलींची प्रत काढा. ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, आधी वायर बदलून पाहा.

डिस्कला जुन्या पत्त्यावर आणा

अक्षर बदललं असेल तर सहज सुचतं ते असं की जेलीफिनच्या लायब्ररीत ‘ई’च्या जागी ‘एफ’ भरून टाकावं. ते करू नका. जेलीफिन प्रत्येक फाइलची अंतर्गत ओळख तिच्या पूर्ण पत्त्यावरून बनवतं. पत्ता बदलला की तीच मैफल त्याच्या लेखी नवी. बाजारात आलेल्या सिनेमाला ऑनलाइन यादीतला क्रमांक तरी असतो, त्यावरून पाहिल्याची खूण परत जुळू शकते. आजोबांच्या पंचाहत्तरीच्या व्हिडिओला असा कोणताही क्रमांक नाही. त्याची खूण, त्याला लावलेलं चित्र, हाताने लिहिलेलं वर्णन, सगळं जातं.

म्हणून घर बदलायचं नाही, डिस्कलाच जुन्या घरी आणायचं:

१. जेलीफिन बंद करा. खाली उजवीकडच्या ट्रेमधल्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘एक्झिट’. सेवा म्हणून (लॉगिन न करताही पाठीमागे चालेल असं) बसवलं असेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन थांबवा.

२. ‘ई’ अक्षर घेऊन बसलेला पेनड्राइव्ह काढून घ्या.

३. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. आपल्या डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक, मग ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’, आणि जुनं अक्षर निवडा. विंडोज इशारा देईल, ‘येस’ म्हणा.

४. डिस्क उघडून एखादी मैफल थेट व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवून पाहा. वाजली तरच जेलीफिन सुरू करा.

५. आता, आणि आता कुठे, ‘स्कॅन ऑल लायब्ररीज’.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी डिस्कला ‘एम’ किंवा त्यापुढचं अक्षर द्यावं. विंडोज पेनड्राइव्हना रिकामी अक्षरं पुढून वाटत जातं, ‘एम’पर्यंत कोणी पोचत नाही. ज्यांची लायब्ररी आधीच ‘ई’ किंवा ‘एफ’वर आहे आणि घरात पेनड्राइव्हची वर्दळ आहे, त्यांनी एकदाच मन घट्ट करून ‘एम’वर जावं. खुणा एकदा जातील, पुन्हा जाणार नाहीत. त्याआधी प्रत्येक लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ‘मेटाडेटा सेव्हर्स’खाली (मेटाडेटा म्हणजे नाव, वर्णन वगैरे माहिती) ‘एनएफओ’ला, म्हणजे ही माहिती साठवणाऱ्या छोट्या फाइलला, टिक करा आणि ‘सेव्ह आर्टवर्क इनटू मीडिया फोल्डर्स’ चालू करा. मग वर्णन आणि चित्रं फाइलशेजारीच साठतात आणि पत्ता बदलला तरी बरोबर येतात. आधीपासूनच्या फाइल्ससाठी एकदा मेटाडेटा रिफ्रेश करावा लागतो. फाइलशेजारी चित्रं आणि एनएफओ दिसू लागले की मगच अक्षर बदला. हे सेटिंग तर सगळ्यांनीच चालू ठेवावं, लाईट जावो न जावो.

परत होऊ नये म्हणून

डिस्क तयार होण्याआधी सर्व्हर उठू नये. सेवा म्हणून चालणाऱ्या जेलीफिनला ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘स्टार्टअप टाइप’ म्हणून ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ द्या. विंडोज अशा सेवा बाकीच्यांनंतर साधारण २ मिनिटांनी सुरू करतं, तेवढ्यात डिस्क फिरायला लागलेली असते. मग स्कॅनचा ट्रिगर परत लावा, पण १२ तासांचा नको. रोज एका ठरलेल्या वेळेचा लावा, जेव्हा घरात सगळं चालू असतं. रात्री दहा चांगली वेळ आहे. पहाटेची नको.

‘पॉवर ऑप्शन्स’च्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ला ‘नेव्हर’ करा आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ला ‘डिसेबल्ड’. पहिलं न केल्यास डिस्क झोपते आणि नाटक लावल्यावर पहिले दहा सेकंद चक्र फिरत राहतं. दुसरं न केल्यास काही जुन्या डिस्क झोपेतून परतच येत नाहीत.

डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ती एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीवर न्या. एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं, लिहीत असताना वीज गेली तर फोल्डरची यादीच बिघडू शकते. एनटीएफएस अशा वेळी बरंचसं सावरतं. फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी होते, तेव्हा आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत हवीच.

एक लपलेलं कारण नेटवर्कवाल्यांचं. फाइल्स दुसऱ्या कंप्यूटरवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) आहेत, त्या तुम्ही ‘झेड’ अक्षराने जोडल्या आहेत, एक्सप्लोररमध्ये दिसतात, पण जेलीफिनला दिसत नाहीत. कारण अशी जोडणी त्या वापरकर्त्याच्या लॉगिनपुरती असते आणि सेवा तुमच्या लॉगिनमध्ये चालत नाही, तिचं ‘झेड’ रिकामंच. लायब्ररीत अक्षर न देता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या, आणि सेवेला असं खातं द्या ज्याला नॅसवर प्रवेश आहे. ‘रिअल टाइम मॉनिटरिंग’ (फोल्डरातल्या बदलांवर सतत नजर ठेवणं) अशा ठिकाणी भरवशाचं नसतं, रोजच्या स्कॅनवरच राहा. यूएसबी डिस्क मधेच निघून परत आली तरी हेच होतं: नजर ठेवणारी यंत्रणा एकदा तुटली की परत जुळत नाही, आणि नवी टाकलेली मैफल दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात. जेलीफिन बंद करून सुरू करा.

लिनक्स किंवा रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा कंप्यूटर) असेल तर धोका जास्त आहे, कारण तिथे डिस्क न जोडता ज्या फोल्डरवर ती जोडायची ते फोल्डर रिकामं पण हजर असतं. जेलीफिनला वाटतं, पत्ता बरोबर आहे आणि कोणीतरी सगळं पुसलं. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने लिहा, नावाने नको. ‘नोफेल’ लावा, म्हणजे डिस्क नसली तरी यंत्र उठतं. मग जेलीफिनच्या सिस्टमडी युनिटला (सेवा कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलला) ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ जोडून डिस्कचा पत्ता द्या, म्हणजे डिस्क जोडली गेल्याशिवाय सर्व्हर सुरूच होणार नाही. आणि लायब्ररीला डिस्कचं मूळ फोल्डर न देता त्याच्या आतलं ‘मैफली’, ‘नाटकं’ असं फोल्डर द्या. डिस्क नसेल तर ते फोल्डरच नसेल, रिकामं सापडायचा प्रश्न उरत नाही.

विंडोजवरून लिनक्सच्या नॅसवर प्रत काढताना मराठी नावांची एक अडचण हटकून येते: ‘नाव फार लांब आहे’. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. ‘ग्वाल्हेर’ हा शब्द मोजून पाहा: ग, हलन्त, व, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र. नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. म्हणजे पूर्ण नावाला ८५ चिन्हं, शेवटच्या विस्तारासकट. गायक, राग, ताल, साथीदार, ठिकाण, तारीख सगळं नावात कोंबलं की ती ओलांडली जातात. साथीदार टॅगमध्ये (फाइलच्या आत साठणाऱ्या माहितीत) लिहा, नाव आखूड ठेवा.

डिस्क आहे, फाइल्स आहेत, तरी लायब्ररीत अर्धंच

ही वेगळी तक्रार आहे पण हिच्यावरही लोक पुन्हा पुन्हा स्कॅनच करतात. पहिलं पाहायचं ते लायब्ररीचा प्रकार. बनवताना निवडलेला ‘कंटेंट टाइप’ नंतर बदलता येत नाही. लायब्ररी काढून नवी बनवावी लागते. डॅशबोर्डमधून लायब्ररी काढली तर डिस्कवरच्या फाइल्सना धक्का लागत नाही. मात्र एखाद्या व्हिडिओच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतलं ‘डिलीट’ डिस्कवरची फाइलच पुसतं. १९८० च्या दशकातल्या कॅसेटची एकमेव प्रत अशी एका स्पर्शात जाऊ शकते. म्हणून ‘यूझर्स’मध्ये जाऊन प्रत्येकाची ‘मीडिया डिलीशन’ची परवानगी काढा, स्वतःचीसुद्धा.

लग्नंमुंजी ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’मध्ये. गणेशोत्सवातली व्याख्यानमाला ‘शोज’मध्ये: वर एका फोल्डरात मालेचं नाव आणि वर्ष, त्यात ‘सीझन ०१’ असं फोल्डर, आत एस ०१ ई ०३ (S01E03) या धर्तीची नावं. हे ‘सीझन’, ‘एस’ आणि ‘ई’ रोमन लिपीतच लिहा, आकडेही इंग्रजीच (0, 1, 2). देवनागरी आकड्यांतलं वर्ष ओळखलं जाईल यावर विसंबू नका. नाटकांची रेकॉर्डिंगं ‘मूव्हीज’मध्ये छान दिसतात, पण त्या लायब्ररीचे सगळे मेटाडेटा डाउनलोडर बंद करा. नाही तर नाटकाच्या नावाचा कुठला तरी सिनेमा सापडतो आणि नटसंचाच्या जागी भलतेच चेहरे येतात.

संगीताचा कायदाच निराळा. तिथे फाइलच्या नावापेक्षा आत लिहिलेले टॅग महत्त्वाचे. एक मैफल पाच अल्बममध्ये फुटली असेल तर ‘अल्बम आर्टिस्ट’ हा टॅग रिकामा आहे असं समजा. ‘एमपी३टॅग’ या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक निवडून ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये मुख्य गायकाचं एकच नाव भरा. साथीदार ‘आर्टिस्ट’मध्ये राहू देत.

नावं एकसारखी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘पंडित’, ‘पं.’ आणि काहीच नाही, अशी एकाच गायकाची तीन रूपं संग्रहात असतात, आणि शोधा-बदलाने ‘पंडित’चं ‘पं.’ करण्याचा मोह होतो. ग्वाल्हेरच्या संग्रहात हे करू नका. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांचं आडनावच पंडित. त्यांचे वडील शंकरराव पंडित, मुलगा लक्ष्मण कृष्णराव पंडित. एका क्लिकने ग्वाल्हेर घराण्यातली तीन पिढ्यांची गायकी ‘पं.’ या अर्ध्या नावाखाली जाऊन बसेल. उपाधी काढून टाकायची तर नावाच्या सुरुवातीला असलेलीच काढा, शेवटची नाही.

डोळ्यांना अजिबात न दिसणारा घोटाळा एकच, तोही खास मराठीचा. ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’ नावाचे दोन अल्बम दिसतात, दोन्हींत निम्मे निम्मे ट्रॅक, नावात काडीचा फरक नाही. फरक ‘ऱ्या’मध्ये आहे. तो दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. एका कळफलकावर पहिला येतो, दुसऱ्यावर दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखे, कंप्यूटरला दोन वेगळे शब्द. एका ट्रॅकचं नाव कॉपी करून बाकी सगळ्यांत चिकटवा, हाताने परत टंकू नका. आणि टॅगमध्ये अगम्य चिन्हांचा चिवडा दिसत असेल तर तो श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आहे. तो फॉन्ट बसवून उपयोग नाही, युनिकोडमध्ये बदलूनच भरावा लागतो.

सबटायटलचे चौकोन दिसत असतील तर आधी एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून जतन करा. तरी चौकोनच राहिले तर ‘प्लेबॅक’च्या सेटिंगमध्ये ‘फॉलबॅक फॉन्ट्स’ चालू करून देवनागरी फॉन्ट असलेलं फोल्डर द्या. त्यात एकदोनच फॉन्ट ठेवा, एकूण आकार २० एमबीच्या आत हवा. फाइलच्या नावात मराठीसाठी ‘एमएआर’ आणि हिंदीसाठी ‘एचआयएन’ ही तीन रोमन अक्षरं वापरा. हिंदीसाठी नुसतं ‘एचआय’ लिहिलं तर जेलीफिन त्याचा अर्थ ‘कमी ऐकू येणाऱ्यांसाठी’ असा घेऊ शकतं.

आणि व्हीएचएसवरून उतरवलेलं नाटक दिसतं, पण अडखळत चालतं, तेव्हा लायब्ररी निर्दोष आहे. कच्ची डीव्ही फाइल तासाला सुमारे १३ जीबीची असते, टीव्हीला ती पद्धत कळत नाही, मग सर्व्हर ती प्रत्येक वेळी चालता चालता बदलतो आणि जुना प्रोसेसर दमतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच एच.२६४ (टीव्हीला कळणारी पद्धत) करून घ्या, क्वालिटी आरएफ २०, डीइंटरलेस चालू, रुंदी-उंची ७२० बाय ५७६ आहे तशीच. फुगवून एचडी करण्यात काही अर्थ नाही. मूळ डीव्ही फाइल पुसू नका. ती दुसऱ्या डिस्कवर टाकून कपाटात ठेवा, आणि ते फोल्डर लायब्ररीला दाखवू नका.